गिअरचा दांडा कसा निवडावा?

मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी तुमच्यापैकी कित्येकांनी चित्रातच पाहिली असेल. तुमच्या आईबापांनी मात्र तीतून खचित प्रवास केला असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती प्रीमियर पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. त्या टॅक्सीत पुढे बसणाऱ्यास एक गोष्ट हटकून दिसे. चालकाचा डावा हात स्टिअरिंगच्या चाकाखाली असलेल्या एका बारीक दांड्यावर जाई, त्यास किंचित पुढे-मागे लोटून वर वा खाली करी, आणि डोळे रस्त्यावरून न हलता गिअर पडे. यास मुंबईकर ‘हँडगिअर’ म्हणत. इतर बहुतेक मोटारींत हा दांडा दोन सीटांच्या मधून, म्हणजे फरशीतून, वर आलेला असतो.

दांडा वर असावा की खाली, आखूड असावा की लांब, हा प्रश्न वरवर पाहता केवळ आवडीचा वाटतो. आम्हांसही तो तसाच वाटत असे. परंतु गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेतून पत्र आले, आणि त्यास उत्तर देता देता जो विचार आम्हांस करावा लागला तोच या पाठात मांडीत आहोत.

हा विद्यार्थी मिशिगन राज्यात नोकरीस आहे. त्याने 1955 सालची एक चार दारांची शेव्हरोलेट विकत घेतली. गाडी तीन गतींची, दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. हमरस्त्यावर गाडीचे इंजिन फार ओरडते म्हणून तीत पाच गतींचा नवा गिअरबॉक्स बसवावा असे त्याने ठरविले. येथवर ठीक होते. पण गिअरबॉक्स घेण्यापूर्वीच त्याने एक दांडा विकत घेतला. दांडा आखूड, चकचकीत, शर्यतीच्या गाडीस शोभेल असा. पुढे गिअरबॉक्स आणून गाडीखाली धरून पाहतो तो दांड्याचे तोंड बरोबर पुढच्या सीटच्या खाली येते! त्याने लिहिले, “सर, मी सीट कापू की काय करू? या सीटवर माझ्याशेजारी माझी आई व पत्नी बसतात आणि आम्ही तिघे मिळून उपासनेस जातो.”

आम्ही त्यास लिहिले की, सीट कापू नको आणि दांडाही अजून फेकू नको. आधी दांडा आत काय काम करितो ते नीट समजून घे. मग कोणता दांडा घ्यावा हे तुझे तुलाच कळेल.

दांडा आत काय करितो?

इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचविताना गिअरबॉक्समध्ये दात्यांच्या चाकांच्या अनेक जोड्या असतात. चढावर मोटारीस जोर अधिक हवा आणि वेग कमी. सपाटीवर वेग अधिक आणि जोर थोडका पुरे. प्रत्येक जोडीचे प्रमाण निराळे. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गतींच्या या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्याच असतात. मात्र एका वेळी एकच जोडी शाफ्टास पक्की जखडली जाते. हे जखडण्याचे काम एक सरकती कडी करिते. कडीस एका काट्याने धरलेले असते, काटा एका सळीवर बसतो, आणि ती सळी हलविणारा म्हणजे आपला दांडा.

म्हणून दांड्याच्या हालचाली दोनच. आडवी हालचाल कोणती कडी सरकवावयाची ते निवडते. उभी हालचाल ती कडी पुढे किंवा मागे ढकलते. इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी जी आकृती मुठीवर कोरलेली असते ती याच दोन हालचालींची. प्रारंभीच्या मोटारींत दांडा एकाच रेषेत चाले. तिसऱ्या गतीवरून पहिलीवर येताना दुसरीतून जावेच लागे. 1901 सालच्या मर्सिडीझ मोटारीत विल्हेल्म मायबाख यांनी फाटकासारख्या खाचांची योजना केली, आणि हवी ती गती थेट निवडता येऊ लागली.

आणखी दोन बारीक गोष्टी ध्यानात ठेवा. सळीच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक लहान गोळी बसते. गिअर पडताना हातास जो ‘खट्’ असा अनुभव येतो तो तिचा. दुसरी गोष्ट ही की, फिरणारी दोन अंगे निरनिराळ्या वेगांत असता ती एकदम जोडू गेल्यास दाते करकरतात. यासाठी शंकूच्या आकाराची एक कडी आधी घर्षणाने दोहोंचा वेग सारखा करिते व मगच जोडणी होऊ देते. ही युक्ती 1928 साली कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. शंकूला आपले काम करण्यास क्षणभर अवकाश लागतो. हा क्षण पुढे आपणांस उपयोगी पडणार आहे.

फरशीवरून खांबावर आणि पुन्हा फरशीवर

दांडा मूळचा फरशीतलाच. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखानदारांनी तो खांबावर नेण्यास आरंभ केला. कारण साधे होते. पुढच्या बाकावर तिघे बसत, आणि मधल्या माणसाच्या गुडघ्यांस दांडा लागे. 1955 च्या शेव्हरोलेटचा हँडगिअर याच परंपरेतला. त्याची ‘एच’ आकृती आडवी न राहता उभी झालेली असते. दांडा आपल्याकडे ओढून वर नेला की गाडी मागे जाणारी गती, खाली आणला की पहिली. पलीकडे लोटून वर नेला की दुसरी आणि खाली आणला की तिसरी. खांबाच्या तळापासून दोन लांब सळ्या निघून गिअरबॉक्सच्या कुशीतील दोन बाहूंस जोडलेल्या असतात.

ही रचना वाईट नव्हे. पण तीत सांधे पुष्कळ. समजा, सहा सांधे आहेत व प्रत्येक झिजून अर्धा मिलिमीटर ढिला झाला आहे. सगळ्यांचा मिळून ढिलेपणा तीन मिलिमीटर. हातातील दांडा 24 सेंटिमीटर आणि त्याने फिरणारा बाहू 6 सेंटिमीटर असेल, तर मुठीशी तो ढिलेपणा चौपट, म्हणजे बारा मिलिमीटर होतो. जुन्या गाडीचा हँडगिअर ‘लुळा’ वाटतो तो यामुळे. अशा वेळी गाडीत काही बदलण्याआधी सांध्यांतले झिजलेले बुश बदलून पाहावेत. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते, आणि नवा दांडा घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

1960 च्या दशकात अमेरिकन तरुणांस फरशीतला दांडा पुन्हा हवासा झाला. पेन्सिल्व्हेनियातील जॉर्ज हर्स्ट यांच्या कारखान्याचे दांडे तेव्हा नावाजले, आणि 1964 च्या पाँटिअॅक जीटीओ मोटारीत तर ते कारखान्यातूनच बसून येत. दांडा ही मिरविण्याची वस्तू झाली ती तेव्हापासून, आणि आमच्या विद्यार्थ्याची चूक तेथूनच उगम पावते.

गिअरबॉक्स आधी, दांडा मागाहून

पाचवी गती कशास हवी हे आपण आकड्यांनी पाहू. गाडीच्या चाकाचा व्यास 70 सेंटिमीटर धरा. परीघ 220 सेंटिमीटर झाला. गाडी ताशी 99 किलोमीटर धावते आहे, म्हणजे मिनिटास 1,650 मीटर. 1,650 ला 2.2 ने भागले असता चाकाचे मिनिटास 750 फेरे होतात. या शेव्हरोलेटच्या मागील आसाचे प्रमाण 3.70 आहे, आणि तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, गतीत गिअरबॉक्सचे प्रमाण एकास एक. तेव्हा इंजिनाचे फेरे 750 गुणिले 3.70, म्हणजे 2,775. आता पाचव्या गतीचे प्रमाण 0.68 असलेला गिअरबॉक्स बसविला तर हेच फेरे 1,887 होतात. वेग तोच राहून इंजिन दर मिनिटास जवळजवळ 900 फेरे कमी फिरते. गोंगाट कमी, झीज कमी.

परंतु पाच गती पुढे व एक मागे, अशा सहा जागांस ‘एच’च्या दोन उभ्या ओळी पुरत नाहीत, तीन लागतात. पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, आणि पाचवी व मागे जाणारी. खांबावरील दोन सळ्यांची जुनी योजना येथे तोकडी पडते. खांबावरून पाच गती चालविणे अगदी अशक्य आहे असे नाही. पण त्यासाठी आणखी दुवे रचावे लागतात, आणि प्रत्येक दुव्याबरोबर ढिलेपणा वाढतो. शिवाय नव्या गिअरबॉक्सच्या सळ्या व काटे पोटातच असून दांडा त्याच्या माथ्यावरून सरळ आत उतरतो. तात्पर्य, दांडा फरशीत यावा की खांबावर राहावा, याचा निम्मा निर्णय गिअरबॉक्स घेतल्याबरोबर होऊन जातो. आधी दांडा व मग गिअरबॉक्स घेणे म्हणजे आधी किल्ली आणून मग तिला साजेसे कुलूप शोधीत हिंडणे होय.

गिअरबॉक्सही इंजिनाच्या ताकदीकडे पाहूनच निवडावा. या शेव्हरोलेटच्या मूळ आठ-सिलिंडर इंजिनाची पिळण्याची शक्ती 257 पौंड-फूट होती. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास 257 पौंड वजन टांगले असता जो पीळ बसेल तितकी. बोर्ग-वॉर्नर कंपनीने 1980 च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या टी-5 गिअरबॉक्सचे भक्कम प्रकार सुमारे 300 पौंड-फूट सोसतात. मूळ इंजिनास ते पुरे. इंजिन वाढविले असल्यास ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स हा 600 पौंड-फूट सोसणारा गिअरबॉक्स मिळतो, आणि त्यास दांडा बसविण्याच्या एकाहून अधिक जागा ठेवलेल्या असतात.

जागा

आता आमच्या विद्यार्थ्याच्या अडचणीकडे वळू. आधुनिक गिअरबॉक्स मुख्यतः सुट्या सीटांच्या गाड्यांसाठी बनविलेले. त्यांचे दांड्याचे तोंड पुष्कळ मागे असते. 1955 च्या बाकासारख्या सीटखाली ते नेमके दडते. यावर अमेरिकेतील मिस्त्रींनी एक चांगला उपाय शोधून काढला आहे. शेव्हरोलेटच्याच एस-10 नावाच्या लहान मालमोटारीत हाच टी-5 गिअरबॉक्स येत असे. पण तीत दांड्याचे तोंड बरेच पुढे होते. त्या मालमोटारीतील गिअरबॉक्सचे शेपटाकडील कवच व त्याबरोबरची आतली सळी घेऊन आपल्या गिअरबॉक्सास जोडली की दांडा सीटच्या पुढे येतो. सीट कापावी लागत नाही.

येथे आणखी एक सापळा आहे. 1983 ते 1992 च्या कॅमेरो मोटारीतील टी-5 हा मुळातच चालकाच्या बाजूस सुमारे 17 अंश कललेला बसविलेला असे. तो जुन्या गाडीत सरळ धरला तर दांडा वाकडा, आणि दांडा सरळ धरला तर गिअरबॉक्स वाकडा! म्हणून जुना गिअरबॉक्स घेताना ‘हा कोणत्या गाडीतून निघाला?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

जागा ठरविण्याची आमची रीत अशी. ज्यास गाडी चालवावयाची आहे त्यासच सीटवर नेहमीप्रमाणे बसवावे. क्लच पूर्ण दाबावयास सांगावा. मग डोळे मिटून हात सहज खाली सोडावा. मूठ जेथे स्वभावतः थांबेल तेथे न्यूट्रलची मूठ असावी. तेथून पुढे व मागे हात हलवून पाहावा. पुढे तिसऱ्या गतीत बोटे डॅशबोर्डास लागता कामा नयेत. मागे चौथ्या गतीत कोपर सीटच्या पाठीस अडता कामा नये. आणि पाचव्या गतीसाठी शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यापाशी हात नेण्याची पाळी येऊ नये. दोन-चार इंचांचा फरक राहिला तर वाकविलेल्या दांड्याने तो भरून निघतो. त्यासाठी फरशीस मोठे भोक पाडू नये.

लांबी

आखूड दांडा उत्तम, असा तरुणांचा समज आहे. या समजाची परीक्षा आपण तरफेच्या नियमाने घेऊ.

समजा, दांड्याची एकंदर लांबी 35 सेंटिमीटर. टेकूच्या वर 30 व खाली 5. प्रमाण सहास एक. खालच्या टोकाने 1 सेंटिमीटर सरकावयाचे असेल तर मुठीस 6 सेंटिमीटर जावे लागते. आणि खाली 30 किलोचा जोर हवा असेल तर मुठीशी 5 किलो पुरतो. आता वरचा भाग कापून 20 सेंटिमीटर केला. प्रमाण चारास एक. मूठ केवळ 4 सेंटिमीटर हलते, पण हातास साडेसात किलोचा जोर लावावा लागतो. गुणाकार करून पाहा: 5 गुणिले 6 म्हणजे 30, साडेसात गुणिले 4 म्हणजेही 30. जे अंतरात वाचविले ते जोरात भरावे लागले. निसर्गाच्या हिशेबात सूट नाही.

आणि मघाचा तो शंकू आठवा. वेग सारखे करण्याचे त्याचे काम दांडा आखूड केल्याने कमी होत नाही. आखूड दांड्यास जोराने हिसका दिला तर शंकूस अवकाश न मिळता त्याची कडी झिजते. शर्यतीत दर क्षण मोलाचा असतो, तेथे ही झीज पत्करतात. आईस शेजारी बसवून उपासनेस जाणाऱ्यास तो क्षण वाचवून काय मिळवावयाचे आहे?

तथापि एक मध्यम मार्ग आहे. मुठीची उंची व मुठीचा प्रवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तोच 35 सेंटिमीटरचा दांडा घेऊन टेकू थोडा वर सरकविला, म्हणजे वर 28 व खाली 7 ठेवले, तर प्रमाण चारास एक होते आणि मूठ मात्र हाताजवळच राहते. म्हणून दुकानात दांडा पाहताना त्याची उंची पाहून फसू नये; टेकूच्या वर किती व खाली किती, हे मोजून घ्यावे. वाकविलेल्या दांड्याचे माप वळणावरून न घेता टेकूपासून मुठीपर्यंत सरळ रेषेत घ्यावे.

रोख आणि अटकाव

सहाच्या प्रमाणाने वाढलेला जोर गिअर पडल्यावरही हात लावीतच राहिला तर तो कोठे जातो? तो जातो काट्यावर, आणि काटा वाकतो. यासाठी चांगल्या दांड्याच्या बैठकीस पुढे एक व मागे एक असे रोख-बोल्ट असतात. इंजिन बंद असता गाडी तिसऱ्या गतीत टाकावी, पुढील बोल्ट दांड्यास नुसता टेके इतका फिरवावा, केसभर मागे घ्यावा व नट आवळावा. चौथ्या गतीत मागील बोल्टाचे तसेच करावे. मग हाताचा अतिरेक बोल्टावर थांबतो, काट्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा प्रश्न मागे जाणाऱ्या गतीचा. पाच गतींच्या या आकृतीत ती पाचवीच्या बरोबर खाली असते. धावत्या गाडीत पाचवीवरून चौथीवर येऊ पाहणारा हात सरळ खाली गेला तर मोठा अनर्थ ओढवेल. म्हणून त्या वाटेत अटकाव असावा, आणि दांडा सोडून दिला असता स्प्रिंगच्या बळाने तो आपोआप मधल्या ओळीत यावा. खंडाळ्याचा घाट असो की मिशिगनचा बर्फाळ रस्ता असो, हाताने डोळ्यांची मदत न घेता गिअर ओळखला पाहिजे. हे ज्या दांड्यात नाही तो कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये.

तिसरी गोष्ट आवाजाची. कारखान्याच्या पुष्कळ दांड्यांत वरचा व खालचा भाग यांच्यामध्ये रबर असते. ते थरथर पिऊन टाकते. शर्यतीच्या दांड्यात रबर नसते. हालचाल नेमकी होते, पण गिअरबॉक्सची सारी कुरकुर मुठीत येते.

कापण्याआधी

बदल दांड्यापाशी संपत नाही. 1955 च्या शेव्हरोलेटमध्ये इंजिनास मागचा आधार क्लचच्या घंटेसारख्या कवचाच्या दोन्ही बाजूंस असे. लांब शेपटाच्या नव्या गिअरबॉक्सास खालून एक आडवी पट्टी द्यावी लागते. 1954 पर्यंत शेव्हरोलेटचा प्रॉपेलर शाफ्ट नळीत बंद असे. 1955 पासून तो उघडा झाला, म्हणून या गाडीत काम त्यामानाने सोपे. तरी शाफ्टाची लांबी नव्याने मोजावी लागते. मागील दिव्याची कळ व वेगदर्शकाची तार यांचीही सोय पाहावी लागते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आपण पवित्र शास्त्राच्या तासास शिकलो आहोत. गॅरेजात तो जितका खरा ठरतो तितका क्वचितच कोठे ठरत असेल. अर्धी उघडून वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली गाडी आम्ही एकाहून अधिक अंगणांत पाहिली आहे.

फरशी कापणे हे काम सर्वांत शेवटचे. आधी जाड कागदाचा नमुना कापून जागेवर ठेवावा. गिअरबॉक्स आपल्या आधारावर पक्का बसल्यानंतर खालून एकच बारीक भोक पाडून वरची जागा पडताळावी; मग जितके अवश्य तितकेच कापावे. भोकावर आतून रबराचे व वरून चामड्याचे आवरण घट्ट बसवावे. हे केवळ शोभेसाठी नव्हे. जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि बंद गाडीत तो प्राण घेऊ शकतो. फरशीतले उघडे भोक म्हणजे त्यास दिलेले आमंत्रणच.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मालकास असा फेरफार करू देत नाही, की ज्यामुळे नोंदणीतील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल. तसेच 2021 च्या नियमांप्रमाणे ज्या गाडीस पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ झाला आहे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करावयाची असेल, तर ती मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांची फियाट किंवा अँबॅसडर उभी आहे त्यांनी करवत हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. आमच्या मते अशा गाडीचा हँडगिअर नवे बुश घालून आहे तेथेच ठेवावा, हे बहुधा अधिक शहाणपणाचे.

उपसंहार

आमच्या विद्यार्थ्याने काय केले ते सांगून हा पाठ पुरा करितो. त्याने एस-10 चे कवच मिळविले, आणि टेकू वर सरकविलेला, किंचित पुढे वाकलेला, उंच दांडा घेतला. सीट अखंड राहिली. खांबावरचा जुना दांडा व त्याच्या दोन सळ्या त्याने तेल लावून कापडात गुंडाळून डिकीत ठेविल्या आहेत. पुढे कोणास गाडी पूर्ववत करावीशी वाटली तर त्यास त्या मिळाव्यात म्हणून. पहिला चकचकीत दांडा त्याच्या मेजावर कागद दाबण्याच्या कामी येतो. त्याने अलीकडे लिहिले आहे की, नवा दांडा दिसण्यास अगदी साधा आहे, आणि आईस तो केव्हा हलतो हे कळतही नाही.

यापेक्षा अधिक चांगले प्रशस्तिपत्र दांड्यास मिळणे कठीण. जो भाग हातास लागतो तो दिसतो, म्हणून आपण त्याचीच निवड आधी करू लागतो. पण तो केवळ टोक आहे. आत काय फिरते आहे, कोणाचा हात त्यावर पडावयाचा आहे, आणि शेजारी कोण बसले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर दांडा निवडण्यास फारसा वेळ लागत नाही. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने जुन्या यंत्रास हात घालू दे असे म्हटले तर त्यास एकदम ना म्हणू नये. मात्र पाना देण्यापूर्वी त्याच्या हाती फूटपट्टी व कागद द्यावा.

अभ्यासासाठी प्रश्न

1. फूटपट्टी एका पेन्सिलीवर टेकवून तिच्या दोन्ही टोकांचा प्रवास मोजा. टेकू सरकविला असता प्रमाण कसे बदलते ते कोष्टकात लिहा.

2. एका दांड्याचा टेकूवरील भाग 32 सेंटिमीटर व खालील 8 सेंटिमीटर आहे. खाली 28 किलोचा जोर हवा असल्यास मुठीशी किती जोर लावावा लागेल? खालच्या टोकाने दीड सेंटिमीटर सरकावयाचे असल्यास मूठ किती हलेल?

3. पाचव्या गतीचे प्रमाण 0.80 असते, तर ताशी 99 किलोमीटर वेगास या शेव्हरोलेटच्या इंजिनाचे मिनिटास किती फेरे झाले असते?

4. चार गती पुढे व एक मागे अशा गिअरबॉक्सास ‘एच’ आकृतीच्या किती उभ्या ओळी लागतील? आकृती काढून दाखवा.